सहा फुटांच्या वर

कौंटीच्या नियमात कुंपण सहा फूट.
त्याच्या वर आभाळ, सगळ्यांचं.
त्या आभाळात एके दिवशी शेजाऱ्यांनी
खिडकी बसवली.

खिडकी कसली, डोळाच तो.
दुसऱ्या मजल्यावर, पापणीशिवाय,
थेट माझ्या मागच्या पायरीवर रोखलेला;
जिथं एकतीस वर्षं मी सकाळच्या पारी
झोपायच्याच झग्यात बसून
अर्धं ग्रेपफ्रूट खाल्लंय, चमच्यानं,
बिया गवतात थुंकत.

एल्डन म्हणाला, कुंपणाला कायदा आहे,
झाडाला नाही.

अकरा अरेका पाम आणले, काळ्या कुंड्यांतले,
माझ्या कंबरेलाही न लागणारे.
रोपवाटिकेतली बाई म्हणाली, तीन-तीन फुटांवर लावा,
खोल पुरू नका,
गळ्याशी माती आली की गुदमरतात.
एल्डननं दोरी ताणली.
दोरी सरळ, एल्डन वाकडा, डाव्या गुडघ्यापाशी.
आमची फ्लोरिडाची वाळू अशी,
की बादली ओतावी
आणि तिनं ऐकलंच नाही असं दाखवावं.

पहिल्या वर्षी काही नाही.
दुसऱ्या वर्षी पानं पिवळी; एप्समचं मीठ घातलं,
मूठ मूठ, एल्डनच्या पायांच्या शेकातून वाचवलेलं.
तिसऱ्या वर्षी कुंपणावरून शेंडे डोकावले
टाचा उंचावलेल्या पोरांसारखे.
सहाव्या वर्षी खिडकी बुडाली.
त्या दिवशी मी अख्खं ग्रेपफ्रूट खाल्लं.

मग ती जानेवारीची रात्र.
रेडिओ म्हणाला, पहाटे सत्तावीस.
सत्तावीसला पाणी दगड होतं
आणि अरेकाचा जीव तर पाण्याचाच.

घरातल्या होत्या तेवढ्या चादरी काढल्या.
लग्नातली, मधोमध विरलेली.
इस्त्रीचा तांबूस त्रिकोण असलेली.
एल्डनच्या आजारपणातली, जिचा डाग
मी कधी उन्हालाही दाखवला नव्हता.
लेकीची, निळ्या डॉल्फिनची.
अंगणातला मोठा दिवा लावला
आणि जगापासून लपायला लावलेल्या झाडांवर
सगळा संसार टांगला.

खालचं झाकलं. शेंडे उरले.
शिडी संपली, एल्डनचा गुडघा त्याआधीच.
तेव्हा वर काच सरकली.
दोन हात बाहेर आले, एक लांब झाडू,
आणि ओस्वाल्दोचा आवाज:
दोन्या वर्ना, फेका!

मी फेकत गेले, तो पसरत गेला.
सहा वर्षांत आम्ही बोललो त्याहून जास्त
त्या तासाभरात बोललो,
सगळं एकाच विषयावर: डावीकडे. अजून. पडली.

मार्चपर्यंत पानं चहाच्या चोथ्यासारखी.
ओस्वाल्दो फाटकातून आला, हातात तपकिरी बाटली,
जखमेवर ओततात ती.
म्हणाला, मधला कोवळा भाला धरून ओढा.
आला नाही तर झाड आहे.
सात ठिकाणी आला नाही.
चार ठिकाणी तो असा अलगद हातात आला,
जणू कुणी नुसता उभा करून ठेवला होता,
आणि बुडाशी वास, ओल्या पुठ्ठ्याचा.
उरलेल्यांच्या पोटात त्यानं बाटली ओतली.
फेस आला. आम्ही तिघं वाकून ऐकत राहिलो.

चार नवी लावलीत. गुडघ्याएवढी.
सहा वर्षं म्हणजे मी पंच्याऐंशी;
हिशेब एल्डनला सांगितला नाही,
त्यानं केला असणारच.

चार खिंडारांतून खिडकी पुन्हा दिसते.
पण आता तिला आतून पडदा आहे:
निळे डॉल्फिन, वरची कड खिळ्यांनी ठोकलेली,
त्या रात्री पलीकडे पडलेली आमचीच चादर.
परत आणून दिली नाही.
मी मागितलीही नाही.
बिया तेवढ्या आता
वाटीत थुंकते.